टॉमकॅटला क्लास सापडत नाही, किंवा भलताच सापडतो: नेमकं काय तपासायचं

तुमच्या मशीनवर व्यवस्थित चालणारी वॉर फाइल (जावाच्या वेब ॲपचं एकत्र बांधलेलं गाठोडं) टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर टाकली आणि लॉगमध्ये क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन, नोसचमेथडएरर अशी लाल अक्षरांची रांग लागली, की नव्या माणसाचा हात आपोआप एकाच गोष्टीकडे जातो: इंटरनेटवरून जार (लायब्ररीचे क्लास बांधलेली फाइल) उतरवायची आणि लिब फोल्डरमध्ये टाकायची. नाही चाललं, की दुसरी आवृत्ती. तासाभराने त्या फोल्डरमध्ये एकाच लायब्ररीच्या तीन जार बसलेल्या असतात आणि मूळ एररच्या जागी दुसराच एरर आलेला असतो. हे साप सोडून भुई धोपटणं आहे. क्लास लोडिंगचा प्रश्न अंदाजाने सुटत नाही, पुराव्याने मात्र फार लवकर सुटतो.

हा लेख अपाचे टॉमकॅट ९, १०.१ आणि ११ डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. जेटी या दुसऱ्या सर्व्हरमध्ये नावं थोडी बदलतील. वाइल्डफ्लाय या सर्व्हरची मॉड्यूलची रचना वेगळी असल्याने तिसरी पायरी तिथे जशीच्या तशी लागू पडणार नाही.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. जेव्हीएमच्या (जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्राच्या) लेखी क्लासची ओळख फक्त त्याच्या पूर्ण नावाने ठरत नाही. नाव आणि लोडर, म्हणजे क्लास शोधून मेमरीत आणणारा जावाचा भाग, दोन्ही मिळून ती ठरते. म्हणून प्रत्येक वेळी तीन प्रश्नांची उत्तरं मिळवायची: कोणता क्लास हवा होता? तो कोणाला हवा होता? आणि मिळाला असेल तर कुठल्या जारमधून?

सुरू करण्याआधी हाताशी ठेवा

- सर्व्हरवर शेल लॉगइन आणि टॉमकॅट बंद-चालू करण्याचा अधिकार
- लॉग फोल्डरमधल्या त्या दिवसाच्या सगळ्या फाइल्स, एकच नव्हे
- सर्व्हरवर डिप्लॉय झालेली तीच वॉर फाइल. तुमच्या मशीनवर पुन्हा बिल्ड केलेली चालणार नाही
- पूर्ण जेडीके (जावाचा विकासकांसाठीचा संच), कारण जार, जावापी आणि जेसीएमडी ही साधनं नुसत्या जेआरईमध्ये (फक्त चालवण्यापुरत्या जावात) मिळत नाहीत
- प्रकल्पाची बिल्ड फाइल, म्हणजे मेव्हनची पॉम किंवा ग्रेडलची; लागणाऱ्या लायब्ररींची यादी तिथेच असते

## १. एरर शेवटपर्यंत वाचा, आणि योग्य फाइलमध्ये वाचा

पहिला सापळा इथेच आहे. कॅटलिना डॉट आउट फाइलमध्ये बऱ्याचदा एवढंच दिसतं: "वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट". खरा स्टॅक ट्रेस (एरर कुठल्या मेथडमधून कुठे आला त्याची यादी) तिथे नसतो. तो त्याच फोल्डरमधल्या लोकलहोस्ट आणि तारीख असं नाव असलेल्या फाइलमध्ये असतो. ती न उघडताच लोक तासन्तास शोधत बसतात.

ट्रेस मिळाला की सर्वांत खालचं "कॉज्ड बाय" आधी वाचा. मग एररचं नाव पाहा, कारण नावातच अर्धं निदान असतं:

- क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन: कोणीतरी क्लासचं नाव अक्षरांत देऊन तो मागितला (कॉन्फिग फाइलमधून, वेब डॉट एक्सएमएलमधून किंवा क्लास.फॉरनेम वापरून) आणि तो मिळाला नाही.
- नोक्लासडेफफाउंडएरर: कंपाइल करताना क्लास होता, चालवताना नाही. याचं आणखी एक रूप आहे, त्याबद्दल पाचव्या पायरीत.
- नोसचमेथडएरर, नोसचफील्डएरर, ॲबस्ट्रॅक्टमेथडएरर: क्लास मिळाला, पण वेगळ्या आवृत्तीचा.
- क्लासकास्टएक्सेप्शन, दोन्ही बाजूंना एकच नाव: एकच क्लास दोन लोडरांनी लोड केला आहे.
- अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर: जुन्या जावावर नवीन जावाची क्लास फाइल.

यातला शेवटचा लगेच निकालात काढता येतो. संदेशात क्लास फाइलची आवृत्ती दिलेली असते, त्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. सर्व्हरचा जावा वाढवा किंवा बिल्डमध्ये रिलीज खाली आणा.

## २. चालू काय आहे, ते टॉमकॅटलाच विचारा

तुम्ही शेलमध्ये "जावा -व्हर्जन" लिहून पाहिलं म्हणून टॉमकॅट त्याच जावावर चालतोय असं नाही. सिस्टमडी सर्व्हिसमध्ये जावा होम वेगळं दिलेलं असू शकतं. टॉमकॅट सुरू होताना लॉगच्या पहिल्या काही ओळींत सर्व्हरची आवृत्ती, जावा होम, जेव्हीएमची आवृत्ती, कॅटलिना होम, कॅटलिना बेस आणि कमांड लाइनचे सगळे पर्याय स्वतःच छापतो. खऱ्या मानायच्या त्या याच ओळी.

होम (टॉमकॅटच्या स्वतःच्या फाइल्सची जागा) आणि बेस (त्या सर्व्हरचं कॉन्फिग आणि ॲप यांची जागा) यांच्याकडे विशेष लक्ष द्या. डेबियन किंवा उबुंटूच्या पॅकेजमधून टॉमकॅट ९ बसवला, तर होम असतो /यूएसआर/शेअर/टॉमकॅट९ आणि बेस असतो /व्हीएआर/लिब/टॉमकॅट९. वॉर फाइल बेसखालच्या वेबॲप्समध्ये जाते. कोणी होमखाली टाकली, तर टॉमकॅट तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

## ३. लोडर कुठे-कुठे शोधतो, हे पाठ करा

यासाठी शिडीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वर जेव्हीएमचे स्वतःचे क्लास. त्याखाली सिस्टम लोडर, ज्यात टॉमकॅटच्या बिन फोल्डरमधल्या बूटस्ट्रॅप आणि जुली या जार असतात. त्याखाली कॉमन लोडर, म्हणजे टॉमकॅटचा लिब फोल्डर: आधी बेसचा, मग होमचा. आणि सर्वांत खालच्या पायरीवर प्रत्येक ॲपचा स्वतःचा वेबॲप लोडर.

एरवी जावात खालचा लोडर (मूल) आधी वरच्याला (पालकाला) विचारतो. वेबॲप लोडर याच्या उलट वागतो. त्याचा क्रम असा: जेव्हीएमचे क्लास, मग वॉरच्या आतला वेब-इन्फ/क्लासेस फोल्डर, मग वेब-इन्फ/लिबमधल्या जार, मग सिस्टम, आणि शेवटी कॉमन. म्हणजे तुमच्या ॲपमधली जार टॉमकॅटच्या लिबमधल्या त्याच लायब्ररीवर मात करते. कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये लोडरला डेलिगेट ट्रू दिलं, तर क्रम बदलून सिस्टम आणि कॉमन आधी येतात. हे एखाद्या जुन्या कॉन्फिगमध्ये राहून गेलेलं असतं, म्हणून एकदा पाहून घ्या.

या नियमाला अपवाद आहे सर्व्हलेट, जेएसपी, ईएल आणि वेबसॉकेट यांच्या एपीआयचा. हे क्लास ॲपमध्ये असले तरी टॉमकॅट स्वतःचेच वापरतो. म्हणून सर्व्हलेट एपीआयची डिपेंडन्सी (बिल्डमध्ये मागितलेली लायब्ररी) मेव्हनमध्ये प्रोव्हायडेड स्कोपचीच हवी, म्हणजे ती कंपाइलला मिळते पण वॉरमध्ये जात नाही.

आता सर्वांत जास्त गोंधळ घालणारी गोष्ट: खालच्याला वरचं दिसतं, वरच्याला खालचं दिसत नाही. समजा एखादी लायब्ररी "सगळ्या ॲपना लागते" म्हणून कोणी टॉमकॅटच्या लिबमध्ये ठेवली आणि तिला लागणारी दुसरी जार तुमच्या वेब-इन्फ/लिबमध्ये आहे. नोक्लासडेफफाउंडएरर येतो. तुम्ही जार उघडून पाहता, क्लास तर समोर दिसतोय! पण मागणारा वरच्या पायरीवर उभा आहे, त्याला तुमचा फोल्डर दिसतच नाही. मागणारा कोण, हे ट्रेसमध्ये एररच्या लगेच खालच्या ओळीत कळतं. तो क्लास कुठल्या जारमधला आणि ती जार कुठल्या फोल्डरमध्ये, हे पाहिलं की कोडं सुटतं. उपाय म्हणजे दोन्ही जार एकाच पायरीवर आणणं, आणि ती पायरी शक्यतो वेब-इन्फ/लिबच असावी. टॉमकॅटच्या लिबमध्ये लायब्ररी टाकायची सवय लावूनच घेऊ नका. दहा ॲपमध्ये तीच जार दहा वेळा असली तरी चालेल. डिस्क स्वस्त आहे, तुमचा वेळ नाही.

## ४. क्लास कुठून आला, याचा पुरावा मिळवा

कॅटलिना बेसच्या बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह डॉट एसएच नावाची फाइल तयार करा. ती मुळात नसते. त्यात कॅटलिना ऑप्ट्समध्ये हा पर्याय घाला:

-एक्सलॉग:क्लास+लोड=इन्फो:फाइल=/टीएमपी/क्लासलोड.टीएक्सटी

हा जावा ९ पासून पुढे चालतो. जावा ८ वर -व्हर्बोज:क्लास वापरा. पर्याय जावा ऑप्ट्समध्ये नको, कॅटलिना ऑप्ट्समध्येच हवा, कारण जावा ऑप्ट्स टॉमकॅट बंद करण्याच्या कमांडलाही लागू होतात. विंडोजवर टॉमकॅट सर्व्हिस म्हणून चालत असेल तर सेटएन्व्ह वाचलीच जात नाही. तिथे सर्व्हिसच्या प्रॉपर्टीज खिडकीत जावाच्या टॅबमध्ये पर्याय लिहावा लागतो.

टॉमकॅट पुन्हा सुरू करून त्या फाइलमध्ये ग्रेपने तुमचा क्लास शोधा. ओळ साधारण अशी दिसेल:

[४.८१२एस][इन्फो][क्लास,लोड] कॉम.फास्टरएक्सएमएल.जॅक्सन.कोअर.जेसनपार्सर सोर्स: फाइल:/ऑप्ट/टॉमकॅट/वेबॲप्स/दुकान/वेब-इन्फ/लिब/जॅक्सन-कोअर-२.९.८.जार

"सोर्स"च्या पुढची जार तुमच्या अपेक्षेतली आहे का? पॉममध्ये २.१५ लिहिलंय आणि इथे २.९.८ दिसतंय, तर निदान झालं. तोच क्लास दोन ओळींत, दोन वेगळ्या जारमधून आलेला दिसला, तर थेट सातव्या पायरीवर जा.

सर्व्हर बंद करता येत नसेल तर तात्पुरत्या जेएसपीमध्ये त्या क्लासवर गेटप्रोटेक्शनडोमेन, त्यावर गेटकोडसोर्स, त्यावर गेटलोकेशन असं बोलवून छापा. तीच माहिती मिळते. क्लास जेव्हीएमचा स्वतःचा असेल तर कोडसोर्स नल येतो, त्याने दचकू नका. काम झाल्यावर ती जेएसपी आठवणीने काढून टाका. जावा ११ पासून "जेसीएमडी, प्रोसेस क्रमांक, व्हीएम.क्लासलोडर्स" या कमांडने लोडरांची पूर्ण शिडीच छापून मिळते.

## ५. क्लास सापडतच नसेल तर

आधी वॉर फाइलमध्येच पाहा. "जार टीएफ" ही कमांड वॉरवर चालवली की आतल्या सगळ्या जारची यादी मिळते. जारच नसेल तर बिल्डमध्ये स्कोप चुकलाय: प्रोव्हायडेड किंवा टेस्ट स्कोप असलेली डिपेंडन्सी वॉरमध्ये जात नाही. एक्लिप्समध्ये चालतं आणि सर्व्हरवर नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

जावा ८ वरून ११ किंवा त्यापुढे गेल्यावर जॅक्सबी, ॲक्टिव्हेशन किंवा जॅक्सडब्ल्यूएस या पूर्वी जावासोबतच येणाऱ्या लायब्ररींचे क्लास गायब झाले असतील, तर ती तुमची चूक नाही. जावा ११ मधून ते काढून टाकले आहेत. आता एपीआय आणि अंमलबजावणी, दोन्हींच्या डिपेंडन्सी स्वतः घालाव्या लागतात. नुसतं एपीआय घातलं तर कंपाइल होतं आणि चालवताना पडतं.

आता नोक्लासडेफफाउंडएररचं ते दुसरं रूप. संदेशात "कुड नॉट इनिशियलाइझ क्लास" हे शब्द असतील, तर क्लास सापडला आहे. जार शोधत बसू नका. त्याचा स्टॅटिक भाग पहिल्यांदा चालताना पडला आणि जेव्हीएमने तो क्लास कायमचा निकामी ठरवला. खरं कारण पहिल्या वेळी, बहुधा एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर या नावाने, एकदाच छापलं जातं. पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला फक्त हा पोकळ संदेश येत राहतो. म्हणून लॉगमध्ये वर सरकत जा, टॉमकॅट सुरू झाल्यापासूनची पहिली नोंद शोधा. बहुधा प्रॉपर्टीज फाइल नाही, फोल्डरला परवानगी नाही, नेटिव्ह लायब्ररी नाही, असं काहीतरी निघतं. जावा १७ पासून नंतरच्या एररलाही मूळ कारण जोडलेलं असतं. जुन्या जावावर लॉग रोटेट होऊन पहिली नोंद गेली असेल, तर टॉमकॅट पुन्हा सुरू करून ती नव्याने मिळवा.

## ६. क्लास आहे, पण भलत्या आवृत्तीचा

नोसचमेथडएरर आला की "एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री" चालवा, व्हर्बोज पर्यायासह. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या, तर मेव्हन झाडात मुळाच्या जवळची आवृत्ती घेतो, नवी असेलच असं नाही. ग्रेडल सहसा सर्वांत नवी घेतो. त्यामुळे तोच प्रकल्प एका बिल्डमधून दुसऱ्यात नेला की वागणं बदलतं. जॅक्सनच्या कोअर, ॲनोटेशन्स आणि डेटाबाइंड या तीन जार एकाच मालिकेच्या हव्यात. त्यासाठी त्यांचा बॉम (एकमेकींशी जुळणाऱ्या आवृत्त्यांची तयार यादी) डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये घाला, प्रत्येकीची आवृत्ती हाताने लिहू नका.

फाइलच्या नावावर विसंबू नका. नावाच्या शेवटी "ऑल" असलेल्या किंवा शेड केलेल्या जारच्या पोटात दुसऱ्या लायब्ररीचे क्लास असतात. वेब-इन्फ/लिबमधल्या प्रत्येक जारवर "जार टीएफ" फिरवून त्यात क्लासचं नाव ग्रेप करा. दोन जारमध्ये सापडला, तर कुठला वापरला जाईल याची खात्री नाही. टॉमकॅट ७ पर्यंत या जार अक्षरक्रमाने वाचल्या जात; ८ पासून क्रम फाइल सिस्टमवर अवलंबून आहे. तीच वॉर तुमच्या लॅपटॉपवर चालते आणि सर्व्हरवर पडते, ती यामुळेच.

आणखी एक फसवा प्रकार. परताव्याचा प्रकारसुद्धा मेथडच्या ओळखीचा भाग असतो. बाइटबफरची फ्लिप ही मेथड जावा ८ मध्ये बफर परत करायची, ९ पासून बाइटबफर परत करते. नव्या जेडीकेवर सोर्स आणि टार्गेट ८ देऊन कंपाइल केलं, तर क्लास फाइल जावा ८ वर लोड होते आणि फ्लिपपाशी नोसचमेथडएरर देते. सोर्स आणि टार्गेटऐवजी रिलीज ८ वापरा. मग कंपायलर जुन्याच एपीआयशी ताडून पाहतो.

## ७. नाव एकच, क्लास दोन

संदेश असा येतो: क्लास दुकान.ग्राहक कॅननॉट बी कास्ट टू क्लास दुकान.ग्राहक. वाचणाऱ्याला वाटतं जेव्हीएमच बिघडलं. जावा ११ पासून त्याच संदेशात पुढे दोन्ही लोडरांची नावं येतात: एकीकडे यूआरएलक्लासलोडर, म्हणजे टॉमकॅटचा कॉमन लोडर, आणि दुसरीकडे पॅरललवेबॲपक्लासलोडर, म्हणजे तुमचं ॲप. एक जार टॉमकॅटच्या लिबमध्येही आहे आणि वेब-इन्फ/लिबमध्येही. सर्व्हरने वरची वापरून वस्तू बनवली, ॲप तिला खालच्या क्लासच्या साच्यात बसवू पाहतंय. लिंकेजएररमध्ये "लोडर कन्स्ट्रेंट व्हायोलेशन" दिसलं, तरी रोग हाच.

दोन्हींपैकी एक जार काढा. वस्तू सर्व्हर बनवत असेल (जेएनडीआयचा रिसोर्स, म्हणजे सर्व्हरने नावाने पुरवलेली डेटाबेस जोडणीसारखी वस्तू, किंवा लॉगइन तपासणारा रिल्म वगैरे) तर वरची ठेवा, नाहीतर खालची. दोन्ही बाजूंना पॅरललवेबॲपक्लासलोडर असेल पण @ नंतरचा आकडा वेगळा असेल, तर ॲप रीलोड झाल्यावरही जुनी वस्तू कुठल्यातरी कॅशमध्ये उरली आहे. टॉमकॅट पूर्ण बंद करून सुरू करा आणि ती कॅश शोधा.

## ८. जावाएक्स की जकार्ता

टॉमकॅट ९ वरचं ॲप १० किंवा पुढच्या टॉमकॅटवर टाकलं आणि जावाएक्स.सर्व्हलेटमधला क्लास सापडत नाही म्हणाला, तर जुनी सर्व्हलेट एपीआयची जार घालून काहीही होणार नाही. ओरॅकलकडून जावा ईई (सर्व्हरवरच्या जावाचं मानक) एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, जावाएक्स हे नाव पुढे वापरायची मुभा मिळाली नाही, म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळ्या पॅकेजची नावं बदलली. टॉमकॅट १० पासून फक्त जकार्ता. जुनी जार घातली तर एरर बदलतो: तुमचा सर्व्हलेट टॉमकॅटच्या लेखी सर्व्हलेटच राहत नाही.

जोड्या लक्षात ठेवा. स्प्रिंग ५ आणि स्प्रिंग बूट २ टॉमकॅट ९ वर. स्प्रिंग ६ आणि स्प्रिंग बूट ३ टॉमकॅट १०.१ वर, जावा १७ किंवा पुढे. सोर्स हाताशी नसलेली जुनी वॉर असेल, तर टॉमकॅट १० मध्ये वेबॲप्स-जावाईई नावाचा फोल्डर करून त्यात ती टाका. टॉमकॅट तिचं रूपांतर करून वेबॲप्समध्ये ठेवतो. सर्व्हरवर ते करण्यापेक्षा अपाचेचं मायग्रेशन साधन आधी चालवून, तपासून मग डिप्लॉय करणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

## ९. ड्रायव्हर आणि थ्रेड

"नो सुटेबल ड्रायव्हर" आणि जार वेब-इन्फ/लिबमध्ये आहे? टॉमकॅट सुरू होतानाच ड्रायव्हरमॅनेजर (डेटाबेसचे ड्रायव्हर नोंदवणारा जावाचा क्लास) जागा होतो आणि तेव्हा त्याला फक्त कॉमन आणि त्यावरचं दिसतं. ॲपमधला ड्रायव्हर आपोआप नोंदला जात नाही. डेटाबेस कनेक्शन पूलच्या कॉन्फिगमध्ये ड्रायव्हर क्लासचं नाव स्पष्ट द्या. मायएसक्यूएल कनेक्टर ८ पासून ते कॉम.मायएसक्यूएल.सीजे.जेडीबीसी.ड्रायव्हर आहे. डेटासोर्स टॉमकॅटच्या कॉन्फिगमध्ये बांधला असेल तर मात्र ड्रायव्हरची जार टॉमकॅटच्या लिबमध्ये हवी, आणि मग वॉरमध्ये नको. तिसऱ्या पायरीत टाळायला सांगितलेली गोष्ट इथे योग्य आहे.

कम्प्लिटेबलफ्यूचरची सप्लायअसिंक मेथड स्वतःचा एक्झिक्युटर (कामं थ्रेडवर चालवणारी वस्तू) न देता वापरली, तर काम सामायिक फोर्कजॉइनपूलवर जातं. जावा ९ पासून त्या थ्रेडचा कॉन्टेक्स्ट लोडर (लायब्ररींनी क्लास शोधायला वापरायचा लोडर) सिस्टम लोडर असतो, तुमच्या ॲपचा नाही. मग रिक्वेस्टमध्ये नीट चालणारा जॅक्सबी तिथे म्हणतो अंमलबजावणीच मिळत नाही. ॲपमध्ये स्वतःचा एक्झिक्युटर बनवा, तोच द्या आणि कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइडमध्ये (ॲप थांबताना बोलावल्या जाणाऱ्या मेथडमध्ये) बंद करा. बंद करायला विसरलात तर प्रत्येक रीडिप्लॉयला जुना वेबॲप लोडर मेमरीत अडकून राहतो आणि शेवटी आउटऑफमेमरीएरर: मेटास्पेस येतो. ॲप थांबताना टॉमकॅट लॉगमध्ये त्या थ्रेडचं नाव घेऊन इशारा देतो. मॅनेजर पानावर "फाइंड लीक्स" बटणही आहे.

## १०. दुरुस्तीनंतर स्वच्छ डिप्लॉय

क्रम असा ठेवा:

१. टॉमकॅट बंद करा आणि प्रोसेस खरंच संपली का ते पीएसने पाहा.
२. वेबॲप्समधली वॉर आणि तिच्या नावाचा उघडलेला फोल्डर, दोन्ही काढा.
३. वर्क/कॅटलिना/लोकलहोस्ट खालचा तुमच्या ॲपचा फोल्डर काढा. कंपाइल झालेल्या जुन्या जेएसपी तिथे असतात.
४. नवी वॉर दुसरीकडे पूर्ण कॉपी होऊ द्या, मग एमव्हीने वेबॲप्समध्ये हलवा. थेट कॉपी करताना अर्धवट वॉर उघडली जाण्याचा धोका असतो. दोन्ही जागा एकाच डिस्क विभाजनावर हव्यात, नाहीतर एमव्हीसुद्धा कॉपीच करतो.
५. टॉमकॅट सुरू करा आणि चौथ्या पायरीतल्या फाइलमध्ये तोच क्लास पुन्हा ग्रेप करा. आता "सोर्स"पुढे अपेक्षित जार, आणि एकच ओळ दिसायला हवी.

ती ओळ बरोबर दिसली, की एक्सलॉगचा पर्याय सेटएन्व्हमधून काढा. ती फाइल दर सुरुवातीला हजारो ओळींनी भरते.